आक्काची फास्टिंगची साखर

मला एका जागी बसवत नाही. हा गुण आहे की रोग, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणते, घरात एकाच्या तरी पायाला असू दे, कारण दुसऱ्याच्या बुडाला डिंक लागलाय. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. कंपनीच्या बसनं जातो, कंपनीच्या बसनं येतो, आणि आल्यावर पोटावर चिवड्याची वाटी ठेवून टीव्हीसमोर आडवा होतो. त्याची साखर नॉर्मल, कोलेस्टेरॉल नॉर्मल, सगळं नॉर्मल. आणि मी, शाळेत दिवसभर उभी राहून गणित शिकवणारी, दोन जिने दिवसातून कितीदा तरी चढणारी, माझा रिपोर्ट आला तर म्हणे बॉर्डरवर. देवाच्या घरी न्याय नाही म्हणतात ते उगीच नाही.

"अजून साखर झालेली नाही," डॉक्टर म्हणाले, "पण उंबरठ्यावर उभ्या आहात." बाकी काही म्हणाले असते तर मी एवढी घाबरले नसते. पण साखर हा शब्द ऐकला आणि मला आई दिसली. आमच्या आईचे डोळे साखरेनं गेले. शेवटी शेवटी ती ताट बोटांनी चाचपायची. भाकरी हाताला लागायची, भाजी लागायची नाही, मग म्हणायची, "भाजी वाढली का गं?" भाजी समोरच असायची. मी तिचा हात धरून वाटीत ठेवायची आणि तोंड फिरवून रडायची. तिला दिसत नव्हतं, तरी मी तोंड फिरवायची. त्या दिवशी डॉक्टरांच्या जिन्यावरून उतरताना मी ठरवलं की मला तसं व्हायचं नाही. काय वाट्टेल ते करीन, पण तसं नाही.

मग मी जे सुरू केलं त्याला नवरा आजही 'राष्ट्रपती राजवट' म्हणतो. घरातून साखर हद्दपार. गूळ हद्दपार. भात रविवारी, तोही मूठभर. सकाळी भिजवलेल्या मेथ्या, मग कारल्याचा रस, मग अंधार असतानाच विद्यापीठाच्या रस्त्यानं झपाझप चालणं. संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत, एक भाकरी आणि पालेभाजी, आणि मग स्वयंपाकघराला कुलूपच म्हणा. नवऱ्यानं साखरेची एक बरणी हळदीच्या डब्यामागं लपवून ठेवली होती. ती मला सापडली तेव्हा मी त्याला चोरासारखं उभं केलं. तो बिचारा म्हणाला, "अगं, चहापुरती." मी ती बरणी खालच्या वॉचमनला देऊन आले.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो एका वाक्याचा. "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!" आमच्याकडं कुणाच्या घरी जाऊन 'नको' म्हणणं म्हणजे त्यांच्या सात पिढ्यांचा अपमान. चहा बिनसाखरेचा मागितला की यजमानीण दुखावते, पेढा परत केला की तिचा नवरा दुखावतो, आणि शेवटी दोघं मिळून तेच वाक्य म्हणतात. एवढ्यानं काय होतंय, एवढ्यानं काय होतंय म्हणत म्हणत अख्खा मराठवाडा गोळ्यांवर आलाय. स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असला की मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा उचलून रिकाम्या वर्गात जाऊन बसायची. बसायची म्हणजे येरझाऱ्या घालायची.

वजन उतरायला लागलं. मला कोण आनंद! ब्लाउज सैल झाले, अंगठी बोटात फिरायला लागली. रात्री झोप लागेना, तेव्हा मी उठून ओटा पुसायची, कपाटं लावायची. थंडीतही घाम यायचा. शाळेतल्या बायका म्हणाल्या, पाळी जायचे दिवस आहेत, असंच होतं. मीही तेच धरून चालले. पण एकानंही 'बारीक झालात हो' म्हणून कौतुक केलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटायचं. नवरा तर म्हणाला, "बारीक झालीस का ते ठाऊक नाही, चिडकी मात्र झालीस." मग मी चिडले.

तशात आक्काचं सुरू झालं.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच. तिला कन्नड तालुक्यात दिलेली, शेतकऱ्याच्या घरात. मका, अद्रक, थोडा ऊस. ती दिवस उगवायला शेतात जाणारी आणि सांजच्याला डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणारी बाई. तिला कुणी व्यायाम कर म्हणून सांगितलं असतं तर तिनं त्याला विळा दाखवला असता. साखर तिला चार वर्षांपूर्वी निघाली, गावच्या डॉक्टरची एक गोळी चालू होती, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

पण त्या दिवाळीला मी कन्नडला गेले तेव्हा ती दारातच उभी होती आणि मी अगदी समोर जाईपर्यंत तिनं मला ओळखलं नाही. मी 'आक्का' म्हटल्यावर ती माझ्या आवाजाकडं हसली. माझ्याकडं नाही, आवाजाकडं. मग घरात बघितलं तर तिनं दूध ग्लासात ओतायच्या ऐवजी ग्लासाच्या बाजूला ओतलं. भाकरी करपली तर तिला वासावरूनच कळायचं. दाजी, म्हणजे तिचे मालक, म्हणाले, "परवा पाटात पाय घालून पडली. म्हातारी झाली आता तुमची आक्का." आक्काला अजून साठी लागलेली नव्हती. आईचं ताट डोळ्यांपुढं उभं राहिलं.

मी तिला धरून शहरात आणलं, क्रांती चौकाच्या पुढं एका डोळ्याच्या डॉक्टरकडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा अगदी पिकलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं दिसेल, शंका नाही. पण साखर वाढलेली असेल तर मी डोळ्याला हात लावणार नाही. उपाशीपोटीची साखर तपासून रिपोर्ट आणा. आणि फार लांबवू नका, फार पिकला तर मग अवघड जातं. म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर आलं. आकडा खाली आला की डोळा, नाही आला तर नाही.

खालीच एक लॅब होती. तिथला माणूस आमच्याच शहरातला, मराठी, हिंदी आणि दखनी एकाच वाक्यात बोलणारा. त्यानं आक्काला सांगितलं, "मावशी, फास्टिंग की जाँच है, सवेरे आना." आक्कानं विचारलं, "म्हंजी काय?" तो म्हणाला, "उपास, मावशी, उपास करके आना. समझे क्या?" आक्का म्हणाली, "हां, उपास व्हय, समजलं की." मी तेव्हा पैसे काढायला पर्स उघडून उभी होते. ऐकलं, आणि त्यात ऐकण्यासारखं काही वाटलं नाही.

ती गावाकडं गेली, ठरल्या दिवशी दाजींनी तिला पहाटेच्या एसटीत बसवून दिलं, मी स्टँडवर उतरवून घेतलं, आणि रक्त देऊन ती परत गेली. रिपोर्ट वाढीव आला. डोळ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, साखरेच्या डॉक्टरला दाखवा. साखरेच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा तपासणी, पुन्हा पहाटेची एसटी, पुन्हा वाढीव. पहिल्यापेक्षा जास्तच. गोळी आणखी वाढवली.

आता मला सांगा, ही बाई दिवसभर राबते, ज्वारीची भाकरी खाते, गोडाला शिवत नाही, वर गोळ्या वाढवलेल्या, आणि साखर चढतेय. हे गणित कुठल्या पुस्तकात बसतं? मी तिला फोन केला. "आक्का, खरं सांग, काय खातेस?" ती म्हणाली, "देवाच्यान, काय नाय खात गं. हां, कधी हातपाय कापायला लागले, घाम फुटला, तर जरासा गुळाचा खडा टाकते तोंडात. मग बरं वाटतं." तेवढ्यात पलीकडून दाजींचा आवाज आला, "सांग, सांग, गूळ खाती म्हणून सांग!" त्यांनी फोन हातातून घेतला. "बाई, तुमची बहीण चोरून गूळ खाती. म्हणून साखर वाढती. आन आम्ही हितं एसटीला पैसे घालतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाजी, आक्का खोटं बोलत नाही," मी ओरडले. "तिला खोटं बोलता येत असतं तर तुमच्या घरात एवढी वर्षं अशी राबली असती का?" शेजारच्या बाईनं खिडकीतून डोकावून बघितलं. दाजी शांतपणे म्हणाले, "मास्तरीणबाई, मग साखर काय आभाळातून पडती व्हय?"

मी फोन आपटला, पण तो प्रश्न मला खात राहिला. आक्का खोटं बोलत नाही याची मला खात्री होती, रिपोर्टही खोटा नव्हता. दोन्ही खरं, आणि दोन्ही मिळून अशक्य. मी पहाटे चालताना तेच घोळवायची. चालणं वाढलं. एका फेरीच्या दोन झाल्या. वर्गात फळ्यावर समीकरण सोडवता सोडवता मध्येच थांबायची आणि पोरं एकमेकांकडं बघायची. मग एक दिवस कन्नडहून फोन आला की आक्का दुपारी मक्यात चक्कर येऊन पडली. शेजारच्या शेतातल्या बाईनं गूळपाणी पाजलं तेव्हा उठून बसली. दाजींनी नजर उतरवून घेतली होती. मीठ-मिरच्या जाळल्या, ठसका आला नाही, म्हणजे नजर जबरदस्त होती म्हणे. मी म्हटलं, दाजी, धन्य आहात.

तिसऱ्या तपासणीच्या आधी डोळ्याचे डॉक्टर स्पष्टच बोलले. आता पुढचाही रिपोर्ट असाच आला तर आधी इन्शुलिन सुरू करावं लागेल, मग पुढं बघू. तोपर्यंत डोळ्याचं काय होईल ते सांगता येत नाही. आक्कानं मला विचारलं, "इन्सुलीन म्हंजी सुई ना? आईला लावलेली?" मी मान हलवली. मग लक्षात आलं की तिला मान दिसत नाही, म्हणून 'हो' म्हटलं. आक्का उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आईला सुई लागली अन् आई गेली. मला सुई नको. ऱ्हाऊ द्या डोळा. आंधळी ऱ्हाईन मी." आणि चाचपडत दाराकडं चालायला लागली. मी तिला धरायला धावले. मला तिचा राग आला, आईचा राग आला, त्या आकड्याचा राग आला, आणि या सगळ्याखाली नुसती भीती होती.

म्हणून तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिला माझ्या घरीच बोलावून घेतलं. म्हटलं, आता माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. बघू साखर कुठून येते ते. ती संध्याकाळच्या एसटीनं आली, काखेत एक पिशवी. दिवे लागायच्या आत मी तिला वाढलं, एक भाकरी आणि मेथीची भाजी. तिनं ताटावरून हात फिरवला. "एवढंच? अगं, आमच्यात कुत्र्याला यापेक्षा जास्त टाकतेत." पण गुमान जेवली. मी बजावलं, "आक्का, आता उद्या रक्त देईपर्यंत काही नाही." ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. उपास हाय माझा उद्या." तिच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटलं. किती नीट पाळते बिचारी, असं वाटलं.

पहाटे मी नेहमीसारखी चालायला गेले. आक्का तेव्हा झोपलेली होती, निदान मला तसं वाटलं. परत आले, दार उघडलं, आणि घरभर वास. तुपाचा, जिऱ्याचा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा. माझ्या घरात असा वास वर्षभरात आला नव्हता. मी चप्पल न काढताच स्वयंपाकघरात धावले. ओट्यापाशी आक्का, हातात उलथनं, कढईत साबुदाण्याची खिचडी. शेजारी केळ्याची सालं. आणि एक रिकामा कप, त्याच्या बुडाशी चहात न विरघळलेली साखर.

"आलीस?" ती आनंदानं म्हणाली. "माझं झालंय खाऊन. तुझ्या घरात साबुदाणा नसणार, मला ठाऊकच होतं, म्हणून मी घरून आणला. राती भिजत घातला. साखर पण पुडीत बांधून आणली चहापुरती. चल, आता रगात द्यायला."

"आक्का, हे काय आहे?"

"उपासाचं."

"तू खाल्लंस हे?"

"मग? उपास हाय म्हणलं ना. मीठ पण शेंदेलोण घातलंय," ती जरा दुखावून म्हणाली. "मिरची हिरवीच. हळद नाय, कोथिंबीर नाय. लई कडक केलाय गं उपास. तिन्ही येळंला केला."

तिन्ही वेळेला! मी खाली फरशीवर बसले. दर वेळी पहाटे उठून, आंघोळ करून, देवाला हात जोडून, या बाईनं साबुदाण्याची खिचडी, केळं आणि गोड चहा घेतला होता, आणि मग एसटीत बसून 'उपाशीपोटी' रक्त द्यायला आली होती. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ती एकादशी आम्ही लॅबमध्ये नेऊन मोजत होतो, आणि त्या आकड्यावर डॉक्टर गोळ्या चढवत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

"आक्का, उपास नाही गं," मी म्हटलं. "उपाशी! उपाशी यायचं असतं. काही म्हणजे काही न खाता. चहासुद्धा नाही."

आक्कानं उलथनं ओट्यावर आपटलं. "मग उपाशी म्हणायचं ना मेल्यानं! उपास काय म्हणतो? उपास येगळा, उपाशी येगळं. उपास देवासाठी असतो. उपाशी तर भिकारी ऱ्हातं." आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "आन् हे मला गूळचोर म्हणत होते गं." दाजींबद्दल बोलत होती ती. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी उठून तिला मिठी मारली. वासानं नवरा जागा होऊन आला, त्यानं काही न विचारता ताटली घेतली आणि म्हणाला, "आक्का, खिचडी एक नंबर." त्या माणसाला मी कधीकधी माफ करते.

त्या दिवशी तपासणी रद्द. आक्काच्या रोजच्या गोळ्या चालूच होत्या. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिला खरोखरीची उपाशी न्यायला निघाले. तर ती उंबरठ्यापाशी अडून बसली. घरातून कुणी उपाशी बाहेर पडतं का? निदान हातावर दही-साखर तरी दे म्हणाली. मी म्हटलं, आक्का, तीच तर नको आहे. तिनं देवाला हात जोडले, मला नाही. मग निघाली.

रिक्षा क्रांती चौकात अडकली. सकाळची गर्दी, शाळांच्या बस, एक टेम्पो आडवा घातलेला. आक्का गप्प होती. मला वाटलं रुसली. मग तिनं माझा हात धरला, आणि तो हात ओला होता, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. "आक्का?" तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. ती काहीतरी बोलली, पण शब्द एकमेकांत अडकले. "आई, भाजी..." एवढंच मला कळलं.

इतके दिवस न सुटलेलं गणित एका क्षणात सुटलं. ज्या साखरेसाठी या गोळ्या वाढवल्या होत्या, ती साखर तिच्या अंगात नव्हतीच. तपासणीच्या सकाळी खिचडी आणि चहा या गोळ्यांना झेलत होते. शेतात हातपाय कापायचे, पडायची, गुळानं उठायची, ती नजर नव्हती. आणि आज पहिल्यांदा ती खरी उपाशी होती, तीही माझ्या देखरेखीखाली. मी पर्स उघडली. रुमाल, खडू, किल्ल्या, बिनसाखरेची बडीशेप. शोधतेय, शोधतेय, साखरेचा एक कण नाही. मी रिक्षावाल्याला ओरडले, "दादा, गोड काहीतरी! काहीही! साखर द्या कुणीतरी!" भर चौकात, सिग्नलवर, मी साखर मागत होते. रिक्षावाला हँडल सोडून उतरला, धावत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि साखरेचा अख्खा डबाच घेऊन आला. मी मुठीनं साखर काढून आक्काच्या तोंडात घातली, गालात दाबली, बोटानं आत ढकलली. मागून हॉर्न वाजत होते. टपरीवाला त्याच्या मागं पळत आलेला, डब्यासाठी, पण आक्काकडं बघून तो पण पाण्याचा ग्लास आणायला गेला. थोड्या वेळानं आक्कानं डोळे उघडले, जिभेनं ओठ चाटले आणि म्हणाली, "कुठं आलो गं?"

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. खिचडी, केळं, शेंदेलोण, सगळं. साखरेच्या डॉक्टरांनी आधी कपाळाला हात लावला, मग गोळ्या पहिल्यासारख्या केल्या. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, ती केली. ती चांगली आली. इतकी चांगली की त्यांनी विचारलं, या काय करतात? मी म्हटलं, शेती. दाजींना मी फोन करून सगळं सविस्तर ऐकवलं, मुद्दाम सावकाश. मग ते म्हणाले, "तिला म्हणावं, ऑपरेशन झाल्याबिगर येऊ नको. हितलं मी बघतो." दाजींच्या तोंडून याहून मोठी माफी निघत नाही, हे आक्काला माहीत होतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. मी शाळेला सुट्टी टाकली होती आणि त्या खोलीत खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते. सिस्टर दोनदा म्हणाली, मॅडम, बसा. मी नाही बसले. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला आणि बोटं दाखवली. "किती?" आक्कानं बरोबर सांगितलं. भिंतीवरची मोठी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, ती शाळेत फार गेली नाही, पण अक्षर आहे आणि त्याला काना आहे एवढं तिनं सांगितलं. डॉक्टर हसले.

मग ती माझ्याकडं वळली. किती दिवसांनी ती आवाजाकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी ताठ उभी राहिले, पोट आत घेतलं. खरं सांगते, त्याही वेळी माझ्या मनात होतं की आता ही म्हणेल, किती बारीक झालीस गं! एवढ्या दिवसांची मेहनत, कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. आक्का बघत राहिली. तिनं बोटानं खूण करून मला जवळ बोलावलं. माझ्या गालावरून हात फिरवला, हनुवटी वर केली, गळा बघितला. मग माझं मनगट धरलं आणि धरूनच राहिली.

"कधीपासून आजारी हैस तू?" ती म्हणाली.

"आजारी? मी?" मी हसले. "आक्का, मी एकदम फिट आहे. किती वजन उतरवलंय बघ!"

"डोळे असे भाईर आलेत. गळ्याला गाठ दिसतीय. हात धर तुझा तूच, बघ कसं धडधडतंय, कोंबडीच्या पिल्लावानी." तिनं माझा हात सोडला नाही. "राती झोपतीस का?"

मी तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर तयार होतं, पाळी जायचे दिवस आहेत, कामं फार असतात. ते बाहेर आलं नाही. "नाही गं," मी म्हटलं. "किती दिवस झाले, नाही झोपत. भीती वाटते मला, आक्का." नवऱ्याला, शाळेतल्या कुणाला, स्वतःलासुद्धा मी हे कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टर पट्टी हातात धरून तसेच थांबले होते आणि माझ्या गळ्याकडं बघत होते. थायरॉईडची तपासणी करून घ्या म्हणाले, आजच.

आक्कानं मला ओढून पलंगावर तिच्या शेजारी बसवलं. "गप बस हितं," ती म्हणाली. "आता दिसतंय मला."